तेलगल्लीचे न बांधलेले मजले

सुमनबाई माझ्या बायकोच्या मावशी. बिदरच्या जुन्या शहरात किल्ल्याकडं जाणाऱ्या वाटेवर तेलगल्ली म्हणून एक अरुंद गल्ली आहे, तिथं त्यांचं घर. आम्ही उदगीरचे. दर उन्हाळ्यात कुरडया आणायच्या निमित्तानं त्यांच्याकडं एक चक्कर होतेच. त्यामुळं ही हकीकत मला एका बैठकीत कळली नाही. थोडी मावशींनी सांगितली, थोडी त्यांच्या सुनेनं, आणि दोघींनी जे गाळलं ते शेजारच्या भागम्माक्कांनी मोकळ्या मनानं भरून काढलं.

मावशींचं माहेर औराद तालुक्यातलं चिंताकी. शेतकऱ्याचं घर, मोठं अंगण. लग्न होऊन बिदरला आल्यावर त्यांना सगळ्यात जास्त चुकल्याचुकल्यासारखं वाटलं ते त्या अंगणाविना. काका, म्हणजे ग्यानबा, गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडतीवर तोलारी होते. पोती काट्यावर चढवायची आणि वजन सांगायचं, हे त्यांचं काम. घर दोन खोल्यांचं, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की गल्लीच. वाळवण घालायचं कुठं? मग एक दिवस मावशी शिडी लावून स्लॅबवर गेल्या. वर उभ्या राहून त्यांनी चहूकडं बघितलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडवणारं काही नव्हतं. चिंताकीच्या अंगणाइतकंच ऊन त्यांना तिथं सापडलं.

आधी घरापुरत्या कुरडया, मग शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी, मग उदगीर आणि हैदराबादच्या दुकानांसाठी. शेवया, पापड, खारोड्या आल्या. गल्लीतल्या बाया हाताखाली आल्या. काकांचं गंजातलं काम वयामुळं सुटलं तेव्हा घर त्या स्लॅबवरच चालत होतं.

कुरडईचं एक असतं. गहू भिजवून, वाटून, चीक काढून, तो शिजवून सकाळी सोऱ्यातून कापडावर पाडायची, आणि त्याच दिवशी तिला कडक ऊन मिळायला हवं. पहिल्या दिवशी ऊन चुकलं की ती आतून आंबते, लाल पडते, तळली की कडवट लागते. दुसऱ्या दिवशी कितीही तापवा, उपयोग नाही.

गल्लीच्या तोंडाशी, मावशींच्या घराच्या पश्चिमेला काही घरं सोडून, जुना नगारखाना आहे. काळ्या दगडाची कमान, वर दोन मजली सज्जा, फटीफटीत पोपट. पुरातत्त्व खात्याचा निळा फलक तिथं कित्येक वर्षं उभा आहे. संरक्षित वास्तू, आसपास शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायला मनाई. सगळी तेलगल्ली त्या शंभर मीटरच्या आत येते. घर दुरुस्त करायचं तर परवानगी काढून करता येतं, पण वर मजला चढवायचा नाही. भागम्माक्कांच्या मुलानं गुपचूप खांब उभे केले होते. नोटीस आली, काम थांबलं, आणि गंजलेल्या सळया तशाच आभाळाकडं तोंड करून राहिल्या.

मावशींना या फलकाचं काही वाटत नव्हतं, धनराजचं लग्न होईपर्यंत. धनराज त्यांचा एकुलता एक मुलगा, एका तपासणी प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासायच्या कामाला. ठाणाकुशनूरच्या पल्लवीशी लग्न झालं. दोन खोल्यांत चार माणसं, त्यात एक खोली पिठानं आणि डब्यांनी भरलेली. मधे पडदा लावून वर्षभर काढलं. पल्लवीला दिवस गेले तेव्हा धनराज वरच्या खोलीची परवानगी मागायला कचेरीत गेला आणि हात हलवत परत आला. मग त्यानं शहराबाहेर रिंग रोडच्या पलीकडं भाड्याची खोली घेतली.

"रोज येतो ना मी, माय," तो म्हणाला.

पहिले काही महिने तो रोज आला. मग एक दिवसाआड, मग रविवारी. नात झाली, तिचं पालथं पडणं, रांगणं मावशींनी फोनवरच पाहिलं. राग काढायला माणूस नव्हतं, म्हणून त्यांनी तो नगारखान्यावर काढला. वाळवण घालताना त्या कमानीकडं पाठ करून बसायच्या. भागम्माक्का सांगतात, "पोपटांनी खारोड्या खाल्ल्या तर आदी हसायची. नंतर दगड मारायला लागली."

तशात हणमंतराव आले. गल्लीच्या पूर्वेला, मावशींच्या भिंतीला लागून, बंद पडलेली मोठी तेलाची गिरणी होती. ती त्यांनी विकत घेतली. माणूस बोलायला गोड, अंगानं भारदस्त, शहरात त्यांच्या दोन-तीन इमारती झालेल्या. गिरणीच्या आवारात त्यांनी गल्लीची बैठक बोलावली, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "नगारखान्याचं नाव यादीतून काढायला अर्ज करू. सगळ्यांच्या सह्या पाहिजेत. मी माझी इमारत बांधतो, तुमी तुमचे मजले बांधा. आणखी किती दिवस दगडाला भ्यायचं?"

मावशींनी पुढं होऊन सही केली. घरी येऊन त्यांनी धनराजला फोन लावला. "तुझी खोली होती बग आता," त्या म्हणाल्या. काका शेजारी बसून सुपारी कातरत होते.

अर्ज गेला, आणि हणमंतरावांनी गिरणीच्या आवारात फलकाचा एक भला मोठा लोखंडी सांगाडा उभा केला. त्यावर येणाऱ्या इमारतीचं चित्र: काचेची दुकानं, सात मजले, वर निळं आभाळ. लोक थांबून बघायचे. मावशींनाही चित्र आवडलं.

जानेवारीत त्यांनी मोसमाची पहिली कुरडई पाडली. दोन दिवसांनी डबे भरताना पल्लवीचं लक्ष गेलं. ती त्या दिवशी मुलीला घेऊन मदतीला आली होती.

"आत्याबाई, ह्या एका बाजूच्या लाल कामून दिसायल्यात?"

मावशींनी एक कुरडई मोडून वास घेतला आणि बाजूला ठेवली. त्यांना वाटलं गहू जास्त भिजला असेल. पुढच्या वेळी भिजवण्याकडं स्वतः लक्ष दिलं. पुन्हा तीच बाजू लाल. तेव्हा त्या सकाळी स्लॅबवर गेल्या आणि खाली काही न पसरता नुसत्या बसून राहिल्या. सूर्य वर आला. सगळा स्लॅब उजळला, पूर्वेचा एक पट्टा सोडून. त्या पट्ट्यावर हणमंतरावांच्या फलकाची सावली होती. ती चांगली दुपार व्हायला आली तेव्हा हटली.

मावशी उठून सावलीच्या कडेवर उभ्या राहिल्या. फलक खोलीइतका रुंद होता आणि तीन मजल्यांइतका उंच. चित्रातली इमारत गिरणीच्या सगळ्या जागेवर होणार होती, आणि तिला सात मजले होते.

त्या दिवशी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. काकांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाल्या. मला त्यांनी पुढं सांगितलं, "सही मागं घ्यावी तर धनराज परत येत न्हाई. न्हाई घ्यावी तर चूल बंद पडायली. ह्या सगळ्या बायांचं काय करू? मला तर दोन्हीकून भिंतच दिसायली."

शेवटी त्या भागम्माक्कांकडं बोलल्या. अक्का आणि त्या तीस-पस्तीस वर्षांच्या शेजारणी. अक्का घरात कानडी बोलतात, मावशींशी मराठी, आणि भांडताना दोन्ही. त्या भडकल्याच.

"तुझं वाळवण वाळावं म्हणून माझ्या पोरानं खालीच मरायचं का? सुमन, सही तूच पयली केलीस."

"केली की. न्हाई कुठं म्हणायले मी."

"मग आता गप बस."

धनराज तर त्याहून दुखावला. तो रविवारी आला, सगळं ऐकलं आणि ताटावरून उठला. "म्हंजे माझ्यापेक्षा कुरडई मोठी झाली तुला," एवढंच म्हणाला आणि गाडीला किक मारली. मावशी दारात उभ्या राहिल्या. पल्लवी मुलीला कडेवर घेऊन मागं थांबली होती. ती दोन दिवस राहायला म्हणून आली होती, ती राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी मुलीला घेऊन मावशींच्या मागोमाग शिडीनं वर गेली. तिनं फलकाची सावली बघितली, चालत चालत स्लॅबच्या मधोमध आली आणि म्हणाली, "आत्याबाई, आमची खोली कुठं बांधायची होती?"

"हितंच. तुझ्या पायाखाली."

"मग तिलाबी ऊन कुठलं यायचं? खिडकी उघडली की हणमंतरावांची भिंत. मला असल्या खोलीत लेकरू वाढवायचं न्हाई. यांना मी सांगते."

मावशींच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. त्या तिथंच बसल्या आणि नातीचे केस सारखे करत राहिल्या. इतके दिवस त्यांना वाटत होतं की एक तर मुलगा नाहीतर ऊन. मुलगा त्या इमारतीच्या सावलीतही सुखी होणार नव्हता, हे कळल्यावर त्यांच्या छातीवरचं निम्मं ओझं त्याच क्षणी उतरलं.

अर्जावर सुनावणी ठेवली होती. नगररचनेच्या अधिकारी विजयश्री मॅडम म्हणून होत्या, मूळच्या भालकीकडच्या. सभागृहात एका बाजूला हणमंतराव आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला तेलगल्ली. बोलणं कानडीत चाललं होतं. हणमंतरावांनी सांगितलं की गल्लीतल्या प्रत्येक घराची संमती आहे. मॅडमनी विचारलं, कुणाला काही सांगायचं आहे का?

मावशी उठल्या. काकांनी पदर ओढला तो त्यांनी सोडवून घेतला. कानडी त्यांना येते, पण घाबरल्या की फक्त मराठीच सुचते. त्या म्हणाल्या, "सही माझी हाय. पण मला ती मागं घ्यायचीय. ती इमारत झाली तर माझं ऊन जातंय. आणि मजला न्हाई मिळाला तर माझं लेकरू जातंय. आमी दोन पिढ्या खालीच राहिलाव, वर काय बांधलं न्हाई, म्हणून तो नगारखाना तुमाला लांबून दिसायलाय. मग आमी जे बांधलं न्हाई ते कुणाचं हाय? आमचं हाय का सरकारचं?"

मागून कुणीतरी हसलं. विजयश्री मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि मराठीत म्हणाल्या, "तुमचं आहे, मावशी. मला आज तेच सांगायचं होतं, पण अर्जदाराचं म्हणणं संपल्याशिवाय मधे बोलता येत नव्हतं."

मग त्यांनी सावकाश समजावलं. जुन्या वास्तूजवळच्या लोकांना उंच बांधता येत नाही. त्यांची जी उंची वाया जाते, तिचा हक्क कागदावर वेगळा काढून दुसरीकडं नेता येईल अशी योजना शहरानं मंजूर केली होती. त्याला टीडीआर म्हणतात. तेलगल्लीत न झालेले मजले रिंग रोडला, जिथं जागा मोकळी आहे आणि कुणाच्या कमानीवर सावली पडत नाही, तिथल्या इमारतीवर चढवायचे. जो बांधणारा ते घेईल त्यानं गल्लीला मोबदला द्यायचा. घर जिथल्या तिथं, मालकी जिथल्या तिथं. फक्त वर कायम मोकळं ठेवायचं.

"अर्ज फेटाळला जाणार हे नक्की," त्या हणमंतरावांकडं बघून म्हणाल्या. "यादीतून नाव निघत नाही. पण गल्लीत सगळ्यात मोठी जागा तुमचीच आहे. म्हणजे सगळ्यात जास्त हक्कही तुमचाच. रिंग रोडला तुमचा प्लॉट आहे ना?"

हणमंतराव वकिलाच्या कानाला लागले. थोड्या वेळानं त्यांनी रुमालानं मान पुसली आणि विचारलं, "तिथं किती मजले चढतील, मॅडम?"

मला वाटलं होतं, इथं गोष्ट संपली असेल. पण खरी भीती तिथून सुरू झाली. परत येताना रिक्षात काका म्हणाले, "आज वरची हवा लिहून घ्यायलेत, उद्या खालचं घर घेतील. हवा कुणी इकत घेतंय का?"

गल्लीत तेच बोलणं. एकजण म्हणाला, सही केली की स्लॅबवर पाय ठेवता येणार नाही. दुसरा म्हणाला, कपडे वाळत घालायचीही परवानगी काढावी लागेल. मावशींचीही झोप उडाली. कापडाच्या तुकड्यासारखं आभाळ कापून कुणी नेणार आणि आपण खाली हात जोडून बसणार, असं काहीबाही त्यांच्या मनात यायचं.

यावेळी धनराज आला. पल्लवीनं त्याला सगळं सांगितलं होतं. आल्या आल्या त्यानं चप्पल काढली आणि आईच्या शेजारी बसला.

"त्या दिवशी मी जास्तच बोललो."

"बोललास तर बोललास. आता मला सांग, ह्याच्यात फसायलाव का आपण?"

तो कागद घेऊन आपल्या ओळखीच्या एका वकिलाकडं गेला, मग थेट विजयश्री मॅडमकडं. ओळीन् ओळ विचारून आला. स्लॅबवर वाळवण घालता येईल. स्लॅब गळत असेल तर परवानगी घेऊन दुरुस्त करता येईल. घर विकताही येईल. फक्त उंची वाढवायची नाही, जी तशीही वाढत नव्हती. त्यानं हे गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, भागम्माक्कांकडं तर दोनदा. दुसऱ्यांदा अक्कांनी त्याला जेवायला बसवलं आणि मग स्वतः उठून सुमनबाईंकडं आल्या.

"माझ्या पोराला तिकडं घर मिळत असंल तर मी करते सही. पण मोबदला म्हणून पैसा नको. पैसा पोरं उडवतेत."

मावशी हेच म्हणणार होत्या. त्यांनी तसं सांगितलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, "चा कर की आता. किती दिस झाले तुझ्या घरी चा पिऊन."

गल्लीनं एकत्र मागणी केली: ज्यांना हवं त्यांना रिंग रोडच्या इमारतीत राहायला घर. हणमंतरावांनी खूप ओढाताण केली. कधी म्हणायचे होय, कधी म्हणायचे बघू. मधे एकदा बातमी उठली की त्यांनी दुसरीकडून हक्क घेतले आणि तेलगल्लीला सोडून दिलं. त्या आठवड्यात मी बिदरला होतो. मावशी चीक ढवळत होत्या आणि हात थांबत नव्हता, पण डोळे कुठंतरी दुसरीकडंच होते. धनराज दुपारी आला आणि म्हणाला की खोटं आहे, आजच कागद झाले, मी स्वतः बघून आलो. मावशींनी पातेलं खाली उतरवलं, भिंतीला टेकल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. काकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेसमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

गिरणीची जुनी इमारत परवानगी काढून दुरुस्त केली, तिच्यात आता हणमंतरावांची बैठी दुकानं आहेत, नगारखान्याच्या कमानीच्या खाली राहतील एवढ्या उंचीची. फलक निघाला. आणि रिंग रोडला त्यांची इमारत झाली, शेजारच्या इमारतींपेक्षा तीन मजले उंच. जुन्या शहरातल्या कुठल्याही गच्चीवरून ती दिसते. तेलगल्लीतली माणसं पाहुण्यांना ती बोट करून दाखवतात आणि म्हणतात, वरचे तीन आमचे.

धनराजचं घर त्यातच आहे, पण दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली तर मायला जिना चढता यावा म्हणून त्यानं ते मागून घेतलं. पल्लवी आता आठवड्यातले तीन दिवस मुलीला घेऊन तेलगल्लीत कामाला येते आणि हैदराबादच्या दुकानांचं सगळं तीच बघते.

वास्तुशांतीला आम्ही उदगीरहून गेलो होतो. पूजा झाली, पंगत उठली. पाहुणे खिडकीशी उभे राहून शेतं बघत होते. मावशींना पल्लवीनं आतल्या खोलीत नेलं, पंखा लावला आणि म्हणाली, जरा पडा. मावशी म्हणाल्या, मला दुपारची झोप येत न्हाई. आणि थोड्याच वेळात त्यांचं घोरणं बाहेर ऐकू यायला लागलं.

जायची वेळ झाली तेव्हा काका उठवायला गेले, दारातून आत बघितलं आणि परत आले. नात आजीच्या कुशीत झोपली होती.

"झोपू द्या," ते आम्हाला म्हणाले. "वरीस झालं असं झोपली न्हाई ती. आमी मागनं रिक्षानं जाताव."

त्यांनी चप्पल पुन्हा काढली आणि सोफ्यावर बसून राहिले.